धबधब्याच्या भिंतीवर कोण राहतं?

बऱ्हाणपूरच्या आसपासचा सातपुडा पावसाळ्यात पाहिला, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. भाद्रपदात आठ-दहा दिवस पाऊस उघडला की डोंगरउतारावरचं गवत माना टाकू लागतं आणि पायवाटेवर धूळ उडायला लागते. पण त्याच उतारावरून एखाद्या नाल्यात उतरलं, दोन वळणं ओलांडली आणि धबधब्यासमोर उभं राहिलं, की काळ्या खडकावर मखमली हिरवा थर, कपारींतून लोंबणारे नेचे आणि गुलाबी तेरडा असा वेगळाच संसार दिसतो. या दोन जागांमधलं अंतर हाकेचं असतं आणि पाऊस दोन्हींवर सारखाच पडलेला असतो. मग ही हिरवाई नेमकी इथेच का?

“तिथे पाणी आहे म्हणून,” असं उत्तर चटकन दिलं जातं. पण पाणी तर खाली नाल्याच्या पात्रातही वाहत असतं. तिथे अर्जुनाचे मोठे वृक्ष दिसतात, नेचे मात्र अभावानेच. उलट जिथे चमचाभर माती नाही अशा उभ्या कड्यावर नेच्यांची गर्दी असते. म्हणजे पाणी किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आणि किती दिवस सलग मिळतं, हा खरा मुद्दा आहे. खानदेश-निमाडचा शेतकरी पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा पावसाच्या खंडाला जास्त भितो. वनस्पतींचंही तसंच आहे. धबधबा त्यांना पाणी देतोच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो पावसाचा खंड त्यांना जाणवू देत नाही. हे कसं घडतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. धबधबा लपलेला का असतो?

सुरुवात खडकापासून करू. इथला सातपुडा बहुतांशी बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. हे सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि कठीण आहेत. काहींमध्ये लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यामुळे ते सच्छिद्र आणि तुलनेने ठिसूळ आहेत. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातीसारखा पट्टाही दिसतो.

नाला या थरांवरून वाहतो तेव्हा खालचा ठिसूळ थर लवकर झिजतो आणि वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो. कालांतराने खालचा आधार गेलेला छज्जा कोसळतो, कडा थोडा मागे सरकतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. म्हणून धबधबा एका जागी कायमचा थांबत नाही, तो उगमाच्या दिशेने सरकत असतो. उत्तर अमेरिकेतला नायगारा गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत ११ किलोमीटर मागे गेला आहे. आपल्या नाल्यांत पाणी फक्त काही महिने असतं, त्यामुळे इथला वेग फार कमी आहे, पण रीत तीच आहे.

मागे सरकताना धबधबा आपल्यासमोर एक अरुंद घळ कोरत जातो. त्यामुळे रस्त्यावरून तो दिसत नाही. आधी आवाज येतो आणि शेवटचं वळण ओलांडल्यावरच पाणी समोर येतं. यावल तालुक्यात आडगावजवळ मनुदेवीचं देवस्थान आहे. खानदेशातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता. तिथला पावसाळी धबधबाही असाच डोंगराच्या कुशीत दडलेला आहे.

ही घळ वनस्पतींच्या फार उपयोगाची असते. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे ऊन दिवसातले थोडेच तास आत येतं आणि वारा अडतो. सावली आणि आडोसा या दोन गोष्टी खडकानेच दिल्या. तिसरी गोष्ट पाणी देतं.

२. एक ग्रॅम पाण्याची करामत

१० मीटर उंचीवरून पडणारं पाणी, हवेचा अडथळा धरला नाही तर, तळाशी पोहोचेपर्यंत सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग घेतं. प्रत्यक्षात हवा अडवते, धार फाटते, पाणी खडकावर आपटतं आणि त्याचे बारीक थेंब होतात. या थेंबांमुळे काय बदलतं, ते एका छोट्या हिशोबाने पाहू.

१ लिटर पाणी १० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी ठोकळ्यात भरलं, तर त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ मिळून ६०० चौरस सेंटिमीटर होतं. त्याच पाण्याचे १ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर सगळ्या थेंबांचं मिळून क्षेत्रफळ ६ चौरस मीटर भरतं. ते १०० पट झालं. पाण्याची वाफ पृष्ठभागावरून होते, त्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग १०० पट झाला की वाफ होण्याचा वेगही तितकाच वाढतो.

आता दुसरा हिशोब. वाफ होताना पाणी आजूबाजूची उष्णता घेतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. माठ झिरपतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. धबधब्याजवळ हीच क्रिया हवेत घडते. उष्णता ज्यूल या एककात मोजतात. १ ग्रॅम पाण्याची, म्हणजे साधारण २० थेंबांची, वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल लागतात. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १ मीटर असलेल्या जागेतली हवा १ अंशाने गार करायला सुमारे १२०० ज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे अवघं १ ग्रॅम पाणी तेवढी हवा २ अंशांनी गार करतं, शिवाय ती ओलीही करतं. आडोशाच्या घळीत ही गार, दमट हवा वाऱ्याने लगेच उडून जात नाही.

मात्र ऑगस्टच्या झडीत सगळीकडचीच हवा ओली असते, तेव्हा हा फरक फारसा जाणवत नाही. तो कळतो पाऊस उघडल्यावर. बाहेरच्या कोरड्या हवेत पानांतलं पाणी भराभर उडू लागतं, पण घळीत ते पानातच टिकतं. जंगलाला ज्या दिवशी खंड जाणवतो, त्या दिवशी घळीतल्या रहिवाशांना तो जाणवत नाही.

३. माती नसलेल्या खडकावर पहिलं कोण?

ओल्या खडकावरच्या सगळ्याच हिरव्या थराला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. त्यात दोन वेगळ्या गटांचे सजीव असतात. पायाखाली घसरतं ते बुळबुळीत शेवाळ, आणि हाताला मखमलीसारखी लागते ती हरिता. हरितेकडे बारकाईने, शक्य तर भिंगातून पाहा. तिला इवलासा दांडा असतो आणि त्याला इवलीशी पानं असतात.

खरी मुळं मात्र तिला नसतात. केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांचं मुख्य काम खडकाला धरून राहण्याचं. पाणी वर नेणाऱ्या मोठ्या झाडांतल्यासारख्या नळ्याही तिच्यात नसतात. तिचं पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यामुळे त्यावर तुषार पडला की पाणी थेट आत जातं. ज्या वनस्पतीला पाणी पानांनीच प्यायचं आहे, तिला मातीची वाट पाहावी लागत नाही. म्हणून उघड्या कड्यावर ती आधी येते.

पाणी तुटलं तर हरिता वाळून तपकिरी होते. अनेक जातींत हे मरण नसतं, त्यांची जीवनक्रिया फक्त थांबलेली असते. पुन्हा पाणी मिळालं की काही मिनिटांत पानं उलगडतात आणि हिरवी दिसू लागतात.

तिचं पुढचं काम संथ आहे. वरून येणाऱ्या पाण्यातला गाळ, हवेतली धूळ, सडलेल्या पानांचा चुरा तिच्या दाट गादीत अडकतो. वर्षानुवर्षं साचून त्याचा बोटभर जाडीचा थर होतो. खऱ्या मुळांच्या वनस्पतीला कड्यावर जागा मिळते ती या थरात. म्हणूनच हरितेच्या गादीवर ठेवलेला एक पाय अनेक वर्षांची कमाई खरवडून टाकू शकतो.

४. नेच्याला पाणी दोनदा लागतं

हरितेनंतर येतात नेचे. यांना मुळंही असतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही. तरीही ते ओलाव्याला धरून का राहतात? याचं उत्तर त्यांच्या जन्माच्या रीतीत आहे.

नेच्याला फूल, फळ, बी यांतलं काहीच येत नाही. पानाच्या मागच्या बाजूला किंवा दुमडलेल्या कडेखाली तपकिरी पुंजके दिसतात. त्यांत धुळीहून बारीक असे बीजाणू असतात. ते वाऱ्यावर दूरवर जातात. पण बीजाणू रुजला की त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी नखापेक्षाही लहान, बहुधा बदामाच्या आकाराची एक चपटी हिरवी पापडी तयार होते. तिच्यावर नर आणि मादी पेशी बनतात आणि नर पेशीला पोहत मादी पेशीपर्यंत जावं लागतं. त्यासाठी पापडीवर पाण्याचा पातळ थर हवाच. दोघींचं मीलन झालं की त्यातून आपल्याला दिसणारा नेचा वाढू लागतो.

म्हणजे नेच्याला पाणी एकदा जन्मासाठी लागतं आणि पुन्हा वाढीसाठी. बीजाणू कुठेही पोहोचू शकतो, पण ही पापडी आठवडेच्या आठवडे ओली राहील अशा जागा जंगलात थोड्याच असतात. तुषारांनी भिजणारी भिंत ही त्यांतली हमखास जागा.

या भिंतींवर ओळखायला सोपा नेचा म्हणजे हंसराज. काळेभोर, चकचकीत, तारेसारखे दांडे आणि त्यांवर पंख्याच्या आकाराच्या पर्णिका. पानावर पाणी टाकून पाहा. पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातात. कायम पाण्याशेजारी राहणाऱ्याला ही सोय हवीच असते, कारण पानावर पाण्याचा थर साचला तर हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं बुजतात. हंसराजाच्या काही जातींत पानाचा शेंडा लांबत जातो आणि खडकाला टेकला की तिथेच नवं रोप धरतो. अशा तऱ्हेने एकच रोप भिंतीवर हळूहळू पसरत जातं.

याच्या उलट स्वभावाची मयूरशिखा. मोराच्या तुऱ्यासारखा हा बोटभर उंचीचा नेचा तुषारांपासून दूर, कोरड्या कपारीत किंवा जुन्या भिंतीत राहतो. पाणी तुटलं की तो पानं मिटून घेतो आणि पाऊस आला की पुन्हा उघडतो. हंसराज सलग ओलाव्यावर जगतो, तर मयूरशिखेने कोरड्या दिवसांत थांबून राहायची कला साधली आहे. कड्यावर दोन्ही दिसले, तर त्यांच्या मधून जाणारी अदृश्य रेघ म्हणजे धबधब्याच्या ओलाव्याची हद्द समजावी.

५. चार महिन्यांचे रहिवासी

भिंतीच्या पायथ्याशी, जिथे वीतभर माती साचते, तिथे फुलझाडं सुरू होतात. सगळ्यांत ठळक तेरडा. गौरींच्या सणात अनेक घरांत मुळांसकट आणला जातो तोच हा. त्याचा दांडा मोडला तर आत लाकूड नाही, पाणीच पाणी. एवढ्या पाणीदार शरीराला कोरडा आठवडा सोसवत नाही. म्हणून तेरडा आयुष्याची सगळी कामं घाईने उरकतो. पहिल्या पावसात रुजतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि पाऊस ओसरायच्या आत बी धरतो. पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते तडकन फुटतं आणि बिया दूर फेकल्या जातात. पुढचे आठ महिने तेरडा जमिनीत बीच्या रूपाने असतो.

रानहळदीची युक्ती वेगळी. तिचा कंद जमिनीखाली जिवंत राहतो. पावसात पानं आणि फुलोरा वर येतो, हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि साठवण खाली सुरक्षित राहते. कळलावीही कंदावरच उन्हाळा काढते. तिच्या पानांची टोकं वळून शेजारच्या झुडपाला धरतात आणि त्याच्या आधाराने वेल वर चढतो. पिवळ्यातून लालभडक होत जाणारं तिचं फूल हात पुढे करायला लावतं, पण हे झाड, विशेषतः त्याचा कंद, अत्यंत विषारी आहे. ते दुरूनच पाहावं आणि लहान मुलांना आधीच सांगून ठेवावं.

घळीच्या कडेच्या झुडपांत याच दिवसांत कर्टुल्यांचे वेल आणि मोकळ्या जागी तरोटा दिसतो. या डोंगरांत राहणारे कोरकू, भिलाला, बारेला लोक आणि पायथ्याची गावं यांच्या जेवणात पावसाळी रानभाज्यांना मोठी जागा आहे. कोणती भाजी कधी आणि किती खुडायची, हे ज्ञान पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं असतं. बाहेरून आलेल्या माणसाने चित्र पाहून रानातलं काहीही तोंडात घालू नये.

६. काठावरचे आणि उतारावरचे वृक्ष

आता नजर वर न्या. नाल्याच्या काठावर अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज हे वृक्ष असतात. यांना तुषारांशी देणंघेणं नाही. त्यांची मुळं पात्राखालच्या ओलीपर्यंत गेलेली असतात. त्यामुळे वाहतं पाणी आटल्यावरही ते हिरवे राहतात.

काठापासून दूर, उतारावर गेलं की वृक्ष बदलतात. तिथे साग, धावडा, सालई, अंजन यांचं राज्य असतं. साग कोरड्या दिवसांत आपली परातीएवढी पानं गाळून पाण्याचा खर्चच बंद करतो. सालई तापलेल्या मुरमाड उतारावर महिनोन्महिने निष्पर्ण उभी राहते. तिच्या सुवासिक डिंकाचा धूप होतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या नेपानगरला १९५० च्या दशकात देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना सुरू झाला, तेव्हा कागदाच्या लगद्यासाठी बांबूबरोबर सालईचं लाकूड वापरलं जाई. अंजन आपलं सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल नेतो.

धबधब्यापासून उतारापर्यंतचं हे थोडंसं अंतर चाललं, की पाण्याशी जुळवून घेण्याच्या इतक्या तऱ्हा ओळीने दिसतात: तुषार पिणारी हरिता, ओल्या भिंतीवरचा हंसराज, घाईत जगणारा तेरडा, खोल ओलीवरचा अर्जुन आणि पानं गाळून थांबणारी सालई. कोणतं झाड कुठे उभं आहे हे वाचता आलं, की तिथे पाणी कसं आणि किती काळ असतं ते उपकरणाशिवाय सांगता येतं.

७. माणसाने बांधलेला धबधबा

बऱ्हाणपूरपासून साधारण २० किलोमीटरवर महल गुलारा आहे. उतावली नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन मोगलकालीन महाल आणि मध्ये नदीवर दगडी बांध. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळतं आणि महालात बसून ते पाहता यावं अशी ही रचना. निसर्गाला कडा कोरायला लाखो वर्षं लागतात, इथे तो माणसाने उभारला. पण वनस्पतींना बांधणारा कोण हे माहीत नसतं. ओली सावली, सांधी आणि थोडा गाळ मिळाला की बीजाणू रुजतात.

जुन्या बांधकामात आणखी एक आकर्षण असतं: चुना. हंसराजाच्या काही जातींना आणि टेरिस प्रजातीतल्या काही नेच्यांना चुन्याचे सांधे मानवतात, म्हणून जुन्या विहिरींच्या भिंतींवर ते हटकून दिसतात. यांतलाच एक, टेरिस व्हिटाटा, जमिनीतलं विषारी आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तेव्हापासून दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा अभ्यास होत आहे.

शहराजवळचा कुंडी भंडाराही याच पाण्याच्या गोष्टीतला. अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल हेरलं. विहिरींसारख्या कुंड्यांची रांग खणून त्या तळाशी बोगद्याने जोडल्या आणि केवळ उताराच्या बळावर पाणी शहराकडे आणलं. बोगद्याच्या भिंतींवर आज चुन्याचे पांढरे थर दिसतात. पाणी खडकातून मुरत येताना हे क्षार विरघळवून आणतं.

हे भूजल येतं कुठून? डोंगरावरून धावत आलेले नाले पायथ्याशी मंदावतात आणि बरोबरचे गोटे, वाळू तिथे टाकतात. या भरड थरात पाणी वेगाने मुरतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्याला भूगोलात बझाडा म्हणतात. रावेर, यावल आणि बऱ्हाणपूरच्या केळीच्या बागा ज्या विहिरींवर उभ्या आहेत, त्यांना हा पट्टा मोठा आधार देतो. वरचं जंगल शाबूत असेल तर पावसाचं पाणी अडून, मुरून, हळूहळू उतरतं. धबधबा जास्त दिवस वाहतो आणि पायथ्याला मुरायला वेळ मिळतो. जंगल तुटलं की तेच पाणी दोन तासांत लोंढ्याने निघून जातं. तेव्हा भिंतीवरचा हंसराज आणि बागेतली केळ दोघांचंही नुकसान होतं.

८. एकच धबधबा तीनदा पाहा

धबधबा फक्त ऑगस्टमध्ये पाहणं म्हणजे त्याची एकच बाजू पाहणं. भिंतीचा एकच भाग निवडून तो तीन वेळा पाहावा.

पहिली फेरी भाद्रपदात, पाऊस उघडलेल्या दिवशी. तेव्हा हरिता, हंसराज आणि तेरडा कुठपर्यंत आहेत ते टिपा. पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा वाढू लागलं तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला आहे असं समजून ताबडतोब पात्राबाहेर पडा. दुसरी फेरी दिवाळीनंतर. धार बारीक झालेली असेल, तेरडा वाळलेला असेल आणि हिरवा पट्टा आत सरकलेला दिसेल. तिसरी फेरी एप्रिलमध्ये भल्या सकाळी. मे महिन्यात इथला पारा ४४ अंशांच्या वर जातो, म्हणून त्याआधी. धबधबा तेव्हा कोरडा असेल. तरीही कड्याच्या पोटात, बहुधा कठीण थराच्या खाली जिथे सच्छिद्र थर उघडा पडतो तिथे, तळहाताएवढा का होईना, हिरवा ठिपका सापडू शकतो.

तिथे डोंगर अजून पाझरतो आहे. पावसात मुरलेलं पाणी आठ महिन्यांनीही बाहेर येत असल्याचा तो पुरावा आहे. पुढच्या पावसात सगळ्या भिंतीवर पसरणाऱ्या नेच्यांचे बीजाणू आणि कोंबही बऱ्याचदा अशाच ठिपक्यांतून येतात. म्हणून धबधब्याला जाताना नेचा उपटून घरी आणू नये. कुंडीतल्या कोरड्या हवेत तो बहुधा टिकत नाही, आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनस्पती आणताही येत नाहीत. हरितेवर पाय देऊ नये, डोहात साबण लावू नये, प्लास्टिक परत न्यावं. आणि एप्रिलमधल्या त्या ठिपक्याची नोंद तारखेसह वहीत ठेवावी. तो वर्षागणिक आक्रसत गेला, तर त्याच्या वरच्या डोंगरात काहीतरी बिघडतं आहे हे विहिरी आटायच्या आधी कळेल, आणि त्या डोंगरावरची झाडं राखायला तेव्हा अजून वेळ हाती असेल.